सोलरला जमीन द्यायची का सोलर पंप घ्यायचा? औशाच्या एका भावाच्या प्रश्नाला उत्तर

भाऊ, प्रश्न परवाच वाचला होता पण एका ओळीत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून आज सवडीनं बसून लिहितोय. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. यांची औसा तालुक्यात ११ एकर जमीन, त्यातला ४ एकर मुरमाड माळ आणि ७ एकर काळी. माळाच्या खालच्या अंगाला ५५ फुटांची जुनी विहीर, तिच्यावर लाईटचं कनेक्शन. थोरल्या भावाच्या नावच्या गटात ४०० फुटांचं बोअर, त्याला कनेक्शन नाही. गावापासून ३ किलोमीटरवर सबस्टेशन आहे म्हणून एक एजंट सारखा येतोय, माळ सोलर प्लांटला द्या, एकरी वर्षाला ५० हजार, करार ३० वर्षांचा. थोरले बंधू म्हणायलेत जमीन कशाला द्यायची, बोअरवर सोलर पंप बसवू, ऊन फुकट आहे, कारखाना जवळ आहे, चार एकर ऊस लावू. आणि यांना स्वतःला पडलेला प्रश्न असा की या दोन्हीतनं पर्यावरणाचं खरंच काही भलं होतं का कंपन्यांचंच होतं.

मी लातूर, धाराशिव, बीड या पट्ट्यात गेली १९ वर्षं पंपाचं काम करतो. सुरुवात मोटर रिवायंडिंगपासून, गेली दहाएक वर्षं जास्त करून सोलरचं, आणि अलीकडं चार-पाच गावांत लोकांसोबत बसून जमिनीचे करार वाचलेत. वकील नाही, त्यामुळं कराराबद्दल जे लिहितो ते वकिलाकडं जायच्या आधी तुमच्या डोक्यात असावं म्हणून.

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एकत्र झाल्यात. दिवसा लाईट मिळणं ही एक, पाणी असणं ही दुसरी, आणि माळावरनं चार पैसे येणं ही तिसरी. सोलर पहिलीला चांगलंच उत्तर आहे, तिसरीला बऱ्यापैकी उत्तर आहे, आणि दुसरीला सोलर उत्तर नाहीच, उलट नीट वापरलं नाही तर पाणी लवकर संपवायचं साधन आहे. तुमचे थोरले बंधू पहिलीचं उत्तर दुसरीला लावायलेत, आणि आपल्या भागात हीच चूक मी सगळ्यात जास्त बघितलीय.

आधी लाईटचं. ज्यानं जानेवारीत रात्री दोन वाजता हरभऱ्याला पाणी दिलंय त्याला सोलर का पाहिजे हे समजवायची गरज नाही. डोक्याला बॅटरी बांधायची, पाय घोट्यापर्यंत चिखलात, हात थंडीनं आखडलेले, बांधावर काय वळवळतंय ते दिसत नाही, आणि मध्येच लाईट गेली की स्टार्टरपाशी जाऊन बसायचं. आठवड्यातले काही दिवस दिवसपाळी, काही दिवस रात्रपाळी, असं आपण वर्षानुवर्षं काढलं. माझ्या ओळखीचे दोघं सर्पदंशानं गेले, दोन्ही वेळा रात्रीचं पाणी. त्यामुळं दिवसा लाईट ही चैनीची गोष्ट नाही हे मी मनापासून मानतो.

ही दिवसाची लाईट दोन वाटांनी येते आणि लोक दोन्हीची गल्लत करतात. एक वाट म्हणजे स्वतःचा सोलर पंप. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यानं १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं ५ टक्के, बाकी केंद्र आणि राज्याचं. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्यापुढं साडेसात, आणि पाच वर्षं दुरुस्तीची हमी. तुमच्या बंधूंच्या गटाला कनेक्शन नाही म्हणून ते यात बसू शकतात. दुसरी वाट म्हणजे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना, २०१७ ला सुरू झाली आणि २०२३ पासून २.० म्हणून मोठ्या प्रमाणावर चालू आहे. यात सबस्टेशनच्या जवळ काही मेगावॅटचा प्लांट उभा राहतो, वीज थेट त्या सबस्टेशनच्या ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) लाईनला जाते आणि शेतीचा अख्खा फीडर, म्हणजे सबस्टेशनमधनं शेतांकडं जाणारी लाईन, दिवसा चालतो. तुमच्या शेतात पॅनल नाही, तुमची तीच मोटर, तोच स्टार्टर, फक्त लाईट दिवसा. आपल्याच मराठवाड्यात वैजापूर तालुक्यातलं धोंदलगाव आणि नांदेड जिल्ह्यातलं बामणी बुद्रुक इथले प्लांट यातलेच, ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातल्या ज्या पाच प्लांटचं लोकार्पण झालं त्यात हे दोन होते, पाचही मिळून १९ मेगावॅट.

म्हणजे एजंट ज्यासाठी येतोय तो प्लांट या योजनेतला असेल तर त्यातनं तुमच्या विहिरीला आणि गावातल्या निम्म्या मोटरींना दिवसा लाईट मिळू शकते. पण हे असेल तर. काही कंपन्या मोठे प्लांट लावून वीज बाहेर विकतात, त्यात तुमच्या फीडरचा काही संबंध नसतो. एजंटला पहिला प्रश्न हाच विचारा की प्रकल्प कुठल्या योजनेतला, वीज कुठल्या सबस्टेशनला जाणार, आणि कागद दाखवा. तो दाखवत नसेल तर सबस्टेशनवर स्वतः जाऊन विचारा, ३ किलोमीटर काही लांब नाही.

आता पाण्याचं, आणि इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

बंधूंच्या बोअरचा हिशोब घालू. त्यांचा गट अडीच ते पाच एकराच्या मधला धरला तर ५ एचपी मिळेल, त्याला साधारण ४,८०० वॅटचे पॅनल. पाणी १०० मीटरवरनं उचलायचं धरलं तर चांगल्या उन्हाच्या दिवशी असा पंप ४० हजार लिटरच्या आसपास पाणी देतो, तेही बोअरमध्ये तेवढं असलं तर. उसाला एप्रिल-मे मध्ये दिवसाला ७ मिलिमीटर तरी लागतं, म्हणजे एकरी २८ हजार लिटर. चार एकराला रोजचे १ लाख १२ हजार लिटर धरा थोडं इकडं तिकडं. पाण्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी हा पंपच दीड एकराच्या पुढं ऊस जगवू शकत नाही. मग काय होतं, एप्रिलमध्ये ऊस वाळायला लागतो, माणूस दुसरं बोअर घेतो, ते कोरडं जातं, तिसरं सहाशे फूट जातं. हे मी डोळ्यानं बघितलंय, एकाच शिवारात एका उन्हाळ्यात अकरा बोअर.

आणि वर्षभराचं बघा. उसाला पाटपाण्यानं २,००० मिलिमीटर लागतात असं धरलं तर एकरी ८० लाख लिटर. आपल्याकडं पाऊस साधारण ७००-७५० मिलिमीटर, एका एकरावर पडणारं सगळं पाणी मिळून २८-३० लाख लिटर. म्हणजे एक एकर उसाला जवळजवळ तीन एकरांवरचा सगळा पाऊस, एक थेंब वाहून न जाता आणि एका थेंबाची वाफ न होता. ठिबकनं हे बरंच कमी होतं, पण कमी होऊनसुद्धा ते हरभरा-तुरीच्या कितीतरी पट राहतं. खाली काळा पाषाण आहे आपल्या, उत्तर गुजरात-पंजाबसारखी वाळू-गाळाची जमीन नाही की खाली टाकी भरलेली असेल. भेगांत आणि मुरमात जेवढं साठतं तेवढंच. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ते काही लाईट नव्हती म्हणून नव्हे, मांजरा धरण कोरडं होतं म्हणून.

रेणापूर तालुक्यातल्या एका काकांची गोष्ट सांगतो, मी स्वतः बसवलेला पंप आहे म्हणून सांगतो. साठ फुटांची विहीर, तीन एकर, ५ एचपी सोलर. आधी लाईटवर होते तेव्हा रात्रीची पाळी आली की काका दोन-तीन तास पाणी द्यायचे आणि झोपायचे, लाईट गेली की संपलं. सोलर बसल्यावर ऊन पडलं की पंप चालू, बंद करायला कुणी जायचंच नाही, बिल नाही, पाणी बांधावरनं शेजारच्या वावरात. मी दर पंधरा दिवसांनी सर्व्हिसला जायचो तेव्हा विहिरीत दोरी सोडायचो. साधी दोरी, फुटाफुटावर गाठ, टोकाला दगड बांधलेला, ओली किती गाठींपर्यंत झाली ते मोजायचं आणि पंपाच्या पेटीच्या आतल्या बाजूला खडूनं लिहायचं. आधीच्या वर्षांत काकांचं पाणी मार्चच्या मध्यापर्यंत पुरायचं. त्या वर्षी २६ जानेवारीला दोरी कोरडी वर आली. काका माझ्याकडं बघत राहिले, मला काय बोलावं सुचेना, कारण पॅनल पुसताना मीच त्यांना म्हणालो होतो की आता काळजी नाही.

दुसऱ्या वर्षी आम्ही तीन गोष्टी केल्या. विहिरीत लेव्हल सेन्सर टाकला, पाणी ठरावीक गाठीच्या खाली गेलं की पंप आपोआप बंद. ठिबक आणि तुषार केलं. आणि काकांनी गहू सोडून हरभरा आणि थोडी ज्वारी घेतली. पाणी पुन्हा मार्चपर्यंत गेलं. पॅनल तेच, ऊन तेच. तेव्हापासनं मी दोरी टाकल्याशिवाय पंपाचा एचपी सांगत नाही.

तुम्हीपण करा हे. तुमची विहीर किती रुंद आहे ते लिहिलं नाही, पण २० फूट व्यासाची धरली तर एक फूट पाणी म्हणजे जवळपास ९ हजार लिटर. फेब्रुवारीत आणि परत मार्चमध्ये विहीर तळापर्यंत उपसा आणि २४ तासांनी मोजा किती फूट भरली. चार फूट भरली तर दिवसाची आवक ३५ हजार लिटर, आणि ५ एचपीचा पंप भर उन्हात ती दीड-दोन तासात उपसतो. मग त्याहून मोठा पंप घेऊन काय करणार? लोक अर्ज करताना मोठा एचपी मागतात कारण अनुदान जास्त मिळतं, आणि मग पॅनल दिवसभर उन्हात नुसते उभे. बोअरचं पण तसंच, दोन-दोन तास चालवून किती वेळात पाणी फेसाळायला लागतं ते उन्हाळ्यात बघा, पावसाळा संपल्या संपल्या बघितलेलं खरं नसतं.

पंप घ्यायचाच असेल तर माझं म्हणणं, घ्या, पण ऊस डोक्यातनं काढून. तेच बोअर चार एकर हरभऱ्याला दोन संरक्षित पाणी द्यायला तुषारवर आरामात पुरेल, कारण तिथं सगळे मिळून १६-२० लाख लिटर लागतात आणि तेही तीन महिन्यांत विभागून. तुरीला फुलोऱ्यात एक पाणी मिळालं तर काय फरक पडतो ते तुम्हाला माहीतच आहे. बसवताना उभं राहून बघा: सावली. एका पुरवठादाराच्या माणसांनी घाईत एका ठिकाणी कडुलिंबाच्या झाडाच्या पूर्वेला स्ट्रक्चर उभं केलं, दुपारी तीननंतर अर्ध्या पॅनलवर सावली, पंप तीनलाच बंद, आणि ते झाड तोडा म्हणून शेतकऱ्याला सांगितलं. चाळीस वर्षांचं झाड. आम्ही दोन दिवस भांडून स्ट्रक्चर हलवायला लावलं. पायाचे खड्डे पूर्ण खोल घेतलेत का आणि काँक्रीट भरलंय का ते पण स्वतः बघा, मे मधल्या वादळात उलटे पडलेले पॅनल मी उचललेत. आणि युनिव्हर्सल कंट्रोलर मिळतो का विचारा, त्यावर पंप बंद असताना कडबा कुट्टी नाहीतर पिठाची गिरणी चालते. कोरडवाहू भागात पंप वर्षातले शंभर-सव्वाशे दिवस चालतो, बाकीचे दिवस ती वीज वाया जाते, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

आता माळाचं.

एजंट जो आकडा सांगतोय, एकरी ५० हजार, तो काही पदरचा जास्त देत नाही. सौर कृषी वाहिनी योजनेत शासनानंच हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार ठरवलेत, म्हणजे एकरी तेवढेच, किंवा जमिनीच्या सरकारी किमतीच्या ६ टक्के, यातलं जे जास्त असेल ते. आणि त्यावर दरवर्षी पहिल्या भाड्याच्या ३ टक्के वाढ, सरळ पद्धतीनं. म्हणजे दरवर्षी एकरी दीड हजाराची वाढ, दहा वर्षांनी ६५ हजार. तुमच्या एजंटच्या कागदात ही वाढ आहे का? नसेल तर तिथंच थांबा, कारण महागाई ६ टक्के धरली तर आजच्या ५० हजारांची किंमत १२ वर्षांत निम्मी होते आणि करार ३० वर्षांचा आहे. खरं सांगायचं तर ३ टक्के सरळ वाढसुद्धा महागाईला पुरत नाही, हे भाडं हळूहळू झिजत जाणार हे धरूनच सही करायची.

तरी पण मुरमाड माळासाठी हा सौदा वाईट नाही. त्यावर सोयाबीन घेतलं तर चांगल्या वर्षी एकरी पाच-सहा क्विंटल, २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये, आणि बाजारात तो हमीभाव मिळायची मारामार, वर बियाणं, फवारणी, काढणी. हातात काय राहतं ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. काळ्या ७ एकरांना मात्र हात लावू नका, एजंट उद्या म्हणेल की सलग जागा पाहिजे, थोडी काळी पण द्या. काळी जमीन पॅनलखाली घालणं मला पटत नाही, पैशासाठीही नाही, पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पाया धरायला पण ती अवघड.

१ मेगावॅटला ४-५ एकर लागतात. तुमच्या एकट्याच्या चार एकरांत कंपनी येणार नाही, ती शेजारच्यांशी पण बोलत असणार, प्रत्येकाला वेगळं सांगत असणार. म्हणून माळावरच्या सगळ्या गटांनी एकत्र बसा आणि एकच करार मागा. एका गावात बांधाला बांध असलेल्या तिघांना तीन वेगळे दर दिले होते, कळलं तेव्हा सह्या होऊन गेल्या होत्या.

करारात मी काय बघतो ते सांगतो. जागेचं कुलमुखत्यारपत्र कधीही द्यायचं नाही, फक्त नोंदणीकृत भाडेपट्टा. सातबाऱ्यावर बोजा असेल तर तो आधी उतरवायचा, आणि बहिणींची नावं वारसात असतील तर त्यांच्या सह्या आजच, नंतर भांडणं होतात आणि भाडं अडकतं. कंपनीनं प्रकल्प दुसऱ्याला विकला तर भाड्याची जबाबदारी नव्या मालकावर जाते हे स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. भाडं उशिरा दिलं तर व्याज. करार झाल्यावर ठरावीक मुदतीत काम सुरू नाही केलं तर करार रद्द, नाहीतर जमीन अडकून पडते आणि पेरता पण येत नाही. मुदत संपल्यावर पॅनल, काँक्रीट, केबल सगळं काढून जमीन परत, आणि त्यासाठी अनामत. मागच्या गटांचा वहिवाटीचा रस्ता नकाशात दाखवलेला. भाडं हे शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, त्यामुळं टॅक्सचं एकदा सीएला विचारून घ्या.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच एजंटच्या कागदात नसते, आणि तुमच्यासाठी तीच सगळ्यात मोठी आहे. तुमची विहीर माळाच्या खाली आहे. तो मुरमाड माळच तुमच्या विहिरीचा पाणलोट आहे, पाऊस तिथं मुरतो आणि खाली झिरपून विहिरीत येतो. प्लांटवाले पहिलं काम काय करतात तर जेसीबी लावून सपाट करतात, बांध मोडतात, नाल्या बुजवतात, रोलर फिरवतात. मग पाणी मुरायचं बंद होतं, सगळं एका बाजूनं धो धो वाहून जातं, आणि दोन वर्षांनी लोक म्हणतात सोलरनं पाऊस पळवला. पाऊस पळत नाही, मुरायची जागा दाबली जाते. म्हणून करारात लिहून घ्या की उतार मोडायचा नाही, बांध राहतील, पॅनलच्या ओळींमध्ये समतल चर काढायचे, गवत राहू द्यायचं, तणनाशक मारायचं नाही, आणि खालच्या टोकाला शोषखड्डे नाहीतर छोटं तळं. चार एकरांवर ७०० मिलिमीटरनं १ कोटी १३ लाख लिटर पाऊस पडतो. त्यातला पाचवा भाग जरी मुरवला तरी २२ लाख लिटर, म्हणजे वर सांगितलेला चार एकर हरभरा त्याच्यावर निघतो. जालन्याचं कडवंची ऐकलं असेल, तिथं १९९६ पासून पाणलोटाचं काम झालं आणि त्याच्यावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या, तिथली जमीन आणि पाऊस आपल्यापेक्षा काही वेगळा नाही. पाणी आधी मुरवलं, मग पीक वाढवलं.

इथपर्यंतचं थोडक्यात परत सांगतो म्हणजे घरी बोलायला सोपं जाईल. माळ द्यायला हरकत नाही, योजनेतला प्रकल्प असेल, वाढ लिहिलेली असेल आणि पाणलोट सांभाळला जाणार असेल तर. बोअरवर सोलर पंप घ्यायला हरकत नाही, उन्हाळ्यात बोअर तपासून आणि उसाशिवाय. म्हणजे दोन्हीतलं एकच निवडायचं असं काही नाही, बंधूंशी भांडायचं कारणच नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, खरंच भलं होतं का. हो, होतं, आणि हे मी मनापासून सांगतो. ५ एचपीची मोटर वर्षाला हजार तास चालली तर साधारण साडेचार हजार युनिट लागतात. आपल्या ग्रिडमधली, म्हणजे विजेच्या सामाईक जाळ्यातली, बरीच वीज कोळशाची, सरासरी एका युनिटमागं ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एका मोटरमागं वर्षाला तीन टन. १ मेगावॅटचा प्लांट वर्षाला १५ लाखांच्या आसपास युनिट देतो, तिथं हजार टन. राज्यातल्या विजेतली साधारण ३० टक्के शेतीला जाते, त्यामुळं हा आकडा लहान नाही. देशानं २०७० पर्यंत नेट झिरोचं, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषला जाईल असं, जे वचन ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ मध्ये दिलं त्याचा रस्ता असल्या फीडरांवरनंच जातो.

आणि मराठवाड्याला यात आणखी एक फायदा आहे ज्याबद्दल फार कुणी बोलत नाही. कोळशाच्या विजेला पाणी लागतं, एका युनिटला अडीच-तीन लिटर. परळीचं औष्णिक केंद्र २०१३ मध्ये खडका बंधाऱ्यात पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं होतं, २०१५ ला परत तेच. ज्या भागात माणसांना टँकर, तिथं वीज करायला पाणी. सोलरला पॅनल धुवायला लागतं तेवढंच. परळीच्या आजूबाजूच्या गावांत जाऊन बघा, अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते. तिथल्या बाईला सोलर कशासाठी हे विचारायची गरज नाही.

पण धोरणात एक मोठं भोक आहे आणि ते मी प्रत्येक ग्रामसभेत बोलतो. बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात एचपीपर्यंत मार्च २०२९ पर्यंत बिल नाही, सोलर पंपाला तर कधीच नाही. शेतकऱ्यावरचा बोजा उतरला हे चांगलंच झालं, त्याविरुद्ध माझं काही नाही. पण उपसा थांबवायला आता एकही कारण उरलं नाही. ना बिल, ना रात्र, ना लोडशेडिंग. गुजरातेत खेडा जिल्ह्यात धुंडी म्हणून गाव आहे, तिथं २०१६ मध्ये शेतकऱ्यांनी सोलर पंपांची सहकारी मंडळी केली, पंप ग्रिडला जोडले आणि न वापरलेली वीज कंपनीला विकली. म्हणजे पाणी कमी उपसलं तर हातात पैसा येतो. आपल्याकडं पंप आहेत, ऊन आहे, फक्त ही जोडणी नाही. मराठवाड्यासारख्या भागात पंपाइतकीच याची गरज आहे आणि आमदार-खासदारांना प्रत्येकानं हेच विचारलं पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

तोपर्यंत गावाच्या हातात काय आहे ते करा. सौर वाहिनी योजनेत प्रकल्प उभा राहिला तर ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख असे तीन वर्षं मिळायची तरतूद आहे. ते पैसे कमानीला आणि पेव्हर ब्लॉकला जायच्या आधी ग्रामसभेत ठराव घ्या की नाला खोलीकरण न करता माळावरचे चर आणि विहिरींचं पुनर्भरण यावर खर्च होतील. खोलीकरण न करता असं मुद्दाम लिहिलं, जास्त खोल नेलं की मुरूम फुटून खालच्या पाषाणापर्यंत जातं आणि वरच्या विहिरी उघड्या पडतात. आणि दरवर्षी दिवाळीनंतर गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडा, किती विहिरी, किती पाणी, रब्बीला किती एकर झेपतंय.

तुम्ही आता एवढं करा. विहिरीचा व्यास आणि आजची पाणीपातळी, एजंटनं दिलेला कागद असेल तर त्यातली नावं झाकून फोटो, आणि माळाचा उतार कुठल्या दिशेला आहे ते इथंच खाली टाका. दोरी टाकताना गाठी ओल्या किती आणि कोरड्या किती दोन्ही लिहा, नुसतं पाणी भरपूर आहे असं लिहू नका. बंधूंना पण सोबत न्या विहिरीवर, दोरी त्यांच्याच हातात द्या.